सायक्लेमेन पुन्हा उगवलं नाही? कंद उकरण्याआधी हे वाचा

जून उजाडला की मला ठरावीक फोटो येऊ लागतात. झाडाखालची उघडी माती, कडेला एखादं पिवळं पडलेलं पान आणि खाली एक ओळ: "सायक्लेमेन गेलं बहुतेक. काय चुकलं?" सप्टेंबर संपता संपता दुसरी फेरी येते: "यंदाही फूल नाही. उकरून बघू का?" लंडनच्या कडेला, हॅरोमध्ये बाग करायला लागून मला सोळा वर्षं झाली. त्यातली पहिली चार वर्षं मी स्वतः हेच विचारत होते आणि उत्तर यायच्या आत उकरतही होते. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

बोलतेय ते ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत फुलणाऱ्या काटक सायक्लेमेनबद्दल, म्हणजे सायक्लेमेन हेडेरिफोलियमबद्दल. जुन्या पाटीवर "नेपोलिटॅनम" लिहिलेलं दिसलं तर तेही हेच, फक्त नाव जुनं. बोटभर उंचीची गुलाबी किंवा पांढरी फुलं, पाकळ्या मागे उलटलेल्या, जणू वाऱ्याने छत्री उलटी व्हावी तशा. फुलांमागून आयव्हीच्या पानांसारखी, चंदेरी नक्षीची पानं येतात आणि अख्खा हिवाळा जमीन झाकून ठेवतात. इंग्लंडच्या थंडीत बागेत उघड्यावर राहतं, उणे दहाच्या खाली पारा गेला तरी बिघडत नाही. एवढं सोसणारं झाड आपल्या हातून दरवर्षी "मरतं", तेव्हा बहुतेक वेळा ते मेलेलंच नसतं.

आधी हे बघा: तुमच्याकडे आहे ते हेच ना?

सप्टेंबर लागला की सुपरमार्केटच्या दारात सायक्लेमेनच्या कुंड्यांची रांग लागते. मोठमोठी फुलं, लाल, जांभळी, झालरीची. पाच कुंड्या आणायच्या, बागेत लावायच्या, दिवाळीपर्यंत शोभा बघायची. मग एके सकाळी कडक फ्रॉस्ट पडतो आणि पानांचा शिजवलेल्या पालकासारखा लगदा होतो. हे सायक्लेमेन पर्सिकम, घरात ठेवायचं. त्याच्या बुटक्या जाती "बाहेर चालेल" अशा पाटीने विकतात आणि थंडीचा जोर वाढेपर्यंत त्या चालतातही, पण पुढच्या वर्षी परत येण्यासाठी ते झाड नव्हेच. तुमची तक्रार "हिवाळ्यात गेलं" अशी असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा उत्तर इथेच संपतं.

फरक ओळखायचा तर फूल उलटं करून त्याच्या तोंडाशी बघा. हेडेरिफोलियमच्या प्रत्येक पाकळीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बारीक कानासारखे उंचवटे असतात, त्यामुळे तोंड पाचकोनी दिसतं. पर्सिकमला हे कान नसतात. दुसरी खूण फूल सुकल्यावर दिसते. हेडेरिफोलियमचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळत जाऊन बोंडाला जमिनीवर टेकवतो, पर्सिकमचा नुसता वाकतो. दुकानात उभं राहून एवढं तपासायचा कंटाळा आला तर सोपा नियम ठेवा: सप्टेंबरात कुंडीत पानांचा दाट गुच्छ आणि वर तळहाताच्या निम्म्या आकाराची फुलं असतील, तर ती खिडकीत ठेवायची.

मे-जूनमध्ये पानं पिवळी पडून गेली

हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर मला आईने दिलं.

पहिल्या वर्षी मी सफरचंदाच्या झाडाखाली तीन रोपं लावली होती. मे महिन्यात पानं लोळली, जूनमध्ये नाहीशी झाली. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून महिनाभर रोज संध्याकाळी नळी धरली. जुलैत धीर सुटला आणि खुरपं घेऊन उकरलं. एक कंद मऊ लागला, दुसऱ्यावर खुरप्याचा घाव बसला, तिसरा सापडलाच नाही. सप्टेंबरात आई पेणहून आली होती. एका सकाळी ती बागेतून हाक मारत आली, "अगं, पान एक नाही आणि मातीतून फुलं वर आलीत! शेवळासारखी!" न सापडलेला तिसरा कंद फुलला होता.

रायगडात वाढलेल्या कुणालाही शेवळं समजावून सांगावी लागत नाहीत. पहिल्या पावसाबरोबर आधी फुलाचा कोंब वर येतो, पान मागाहून. सुरणाचं तसंच. कळलावीही उन्हाळाभर जमिनीत गप्प पडून असते आणि मृगाचा पाऊस पडला की वर येते. कोरड्या दिवसांत या झाडांच्या जागी आपण पाणी घालत बसत नाही, "मेलं" म्हणत नाही आणि उकरत तर अजिबात नाही. परसातल्या कुठल्या कोपऱ्यात सुरण आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

सायक्लेमेनही हाच हिशेब पाळतं. फक्त त्याचा पावसाळा वेगळ्या महिन्यात येतो. त्याचं माहेर दक्षिण फ्रान्स, इटली, बाल्कन, ग्रीस आणि तुर्कस्तानचा पश्चिम भाग. तिथे जून, जुलै, ऑगस्ट हे कोरडे ठणठणीत महिने. पाऊस सुरू होतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि हिवाळाभर पडत राहतो. म्हणून हे झाड आपला उन्हाळा जमिनीखाली झोपून काढतं, रात्री गार पडू लागल्या आणि मातीत जरा ओल आली की जागं होतं, आधी फुलतं, मग पानं काढून मेपर्यंत कंदात साठवण करतं. त्याचं मृग नक्षत्र सप्टेंबरात निघतं म्हणा ना. एवढं एक डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी आपोआप सुटतात.

मग मे महिन्यात पानं पिवळी पडली की काय करायचं? काही नाही. हिरवी पानं ओढून काढू नका, कंदाचं जेवण अजून चालू असतं. पूर्ण वाळली की हाताने उचला. पाणी बंद. त्या जागी पेटुनिया किंवा बेगोनिया लावून "मोकळी जागा भरून" काढू नका, कारण त्यांना रोज पाणी लागतं आणि ते पाणी झोपलेल्या कंदाच्या डोक्यावर पडतं. लॉनचा फवारा तिथवर पोचत असेल तर फवाऱ्याचं तोंड फिरवा.

इंग्लंडच्या उन्हाळ्यात पाऊस पडतोच, त्याचं काय, असा प्रश्न येतो. म्हणूनच हे झाडाखाली लावायचं. मोठ्या झाडाची मुळं उन्हाळ्यात जमिनीतली ओल ओढून घेतात, वरची पानं पाऊस अडवतात, आणि कंदाला न मागता कोरडा उन्हाळा मिळतो. हिवाळ्यात त्याच झाडाची पानं झडलेली असल्याने खाली उजेड येतो, नेमका तेव्हाच सायक्लेमेनला हवा असतो. इतर रोपांना कोरडी सावली म्हणजे शिक्षा, याला सासरी माहेर मिळाल्यासारखं.

आणि जागेवर खूण करा. हे मी हात जोडून सांगते. एप्रिलमध्ये पानं असताना चारी बाजूंना चार काड्या रोवा किंवा एखादा चपटा दगड ठेवा. झोपेतल्या कंदांचा सगळ्यात मोठा वैरी आपणच असतो, रिकामी माती बघून फावडं मारणारे. एका मैत्रिणीकडे गवत कापायला येणाऱ्या माणसाने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाडाखालपर्यंत यंत्र फिरवलं आणि नुकत्याच वर आलेल्या सगळ्या कळ्या छाटून टाकल्या. त्याला वाटलं रानगवत. तिला वाटलं या वर्षी फूल आलंच नाही. काड्यांवर लाल लोकर गुंडाळल्यापासून तिच्याकडे दरवर्षी फूल येतं.

ऑक्टोबर आला, तरी ना फूल ना पान

आता मात्र शंका घ्यायला जागा आहे, पण तरीही फावडं नको. बोटाने माती हलकेच बाजूला करा. कंदाचा माथा साधारण तीन ते पाच सेंटिमीटरवर लागायला हवा. अंगठ्याने दाबून बघा. बटाट्यासारखा टणक असेल तर जिवंत आहे, माती परत ओढा आणि थांबा. पिकलेल्या टोमॅटोसारखा दबला तर कुजलाय.

टणक आहे पण उगवत नाही, याचं पहिलं कारण म्हणजे तुम्ही सुका कंद विकत आणला होता. पिशवीत किंवा जाळीत, भुशात घालून विकतात ते. सायक्लेमेनच्या कंदाला कांद्या-लसणासारखं महिनोन्महिने सुकून राहणं सोसत नाही. पार सुरकुतलेला कंद कधी वर्षभर रुसून बसतो आणि मग एकदम पानं काढतो, कधी कायमचाच जातो. असा कंद आणलाच असेल तर लावण्याआधी ओलसर पानगळीच्या खतात काही आठवडे ठेवा आणि फुगू लागला की लावा. पुढच्या वेळी मात्र कुंडीत वाढतं, पानं असलेलं रोप घ्या. चार पौंड जास्त जातील, पण पानांवरची नक्षीही डोळ्यांनी निवडता येईल. प्रत्येक रोपाची वेगळी असते.

सुक्या कंदांच्या धंद्याला दुसरीही बाजू आहे. तुर्कस्तानातल्या डोंगरांतून जंगली कंद पोत्यांनी खणून बाहेर पाठवले जायचे, इतके की सायक्लेमेनच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलं रोप घेतलं की हा प्रश्नच उरत नाही.

दुसरं कारण मजेशीर आहे: कंद उलटा लागलाय.

कंद म्हटला की मुळं खाली, हे आपण धरूनच चालतो. हेडेरिफोलियमची मुळं कंदाच्या वरच्या भागातून आणि कडांमधून फुटतात, तळ गुळगुळीत आणि गोलसर असतो. नवखा माणूस सुकलेल्या मुळांचे धागे बघतो, ती बाजू खाली करतो आणि झाडाला शीर्षासन घालतो. आईने हातात घेऊन क्षणात सांगितलं, "हा चपटा सुरणच की. मधे खळगा आहे तो डोळा, तो वर." बरोबर. सुरणाचीही मुळं वरूनच, कोंबाभोवतीनेच फुटतात, हे मला तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं. उलटा लागलेला कंद लगेच मरत नाही. कोंब वळसा घालून वर यायची धडपड करतो, त्यात हंगाम जातो. डोळा कुठला ते कळतच नसेल तर कंद कडेवर, ताटाळ्यातल्या ताटासारखा उभा लावा. बाकीचं तो बघून घेतो.

हे फक्त हेडेरिफोलियमपुरतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या कूम जातीची मुळं तळातून येतात. दोन्ही शेजारी लावू नका, हेडेरिफोलियमची मोठी पानं बिचाऱ्या कूमला झाकून टाकतात.

पानं जोमदार, फुलं नाहीत

कुठे लावलंय ते सांगा, मी कारण सांगते. भाजीच्या वाफ्यालगत असेल तर नत्र जास्त झालंय. शेणखत, कोंबडीखत, लॉनचं खत, यातलं काही याला नको. फुलं सुकून पानं वर आली की दोन-तीन सेंटिमीटर पानगळीचं खत पसरा, तेवढंच. इथले माळी याला लीफ मोल्ड म्हणतात. शरदात गोळा केलेली पानं जाळीच्या पिंजऱ्यात दोन वर्षं कुजवली की काळं, भुसभुशीत होतं, चहाच्या चोथ्यासारखं. कुंडीतल्या रोपाला वाढीच्या दिवसांत टोमॅटोचं खत अर्ध्या ताकदीने दिलं तर चालतं, त्यात पालाश जास्त असतं.

अख्खी, न कुजलेली पानं मात्र वेगळी गोष्ट. मेपल किंवा प्लेन या झाडांची ताटाएवढी पानं ऑक्टोबरात सायक्लेमेनवर पडून चिकटली तर खाली अंधार होतो आणि दमट राहतं. आठवड्यातून एकदा हाताने उचला. दाताळं फिरवू नका, फुलं तुटतात.

सदाहरित झाडाखाली, जिथे हिवाळ्यातही उजेड शिरत नाही, तिथे कंद जगतो पण फुलांपुरती साठवण होत नाही. खालच्या एक-दोन फांद्या उचलून घेतल्या की दोन वर्षांत फरक दिसतो.

आणि रोप लहान असेल तर त्याला लहान असू द्या. बियांपासून पहिलं फूल यायला दोन ते तीन वर्षं लागतात. उलट्या टोकाला, फार जुन्या वाफ्यात, फुलं कमी होण्याचं कारण गर्दी असतं: बोंड आईच्याच डोक्यावर फुटतं, सगळी पिल्लं तिथेच रुजतात आणि एकमेकांच्या अंगावर वाढतात. ती पिल्लं पानं असतानाच काढून दुसरीकडे लावा. आईला हलवू नका. जुना कंद जेवणाच्या ताटाएवढा होतो आणि माणसापेक्षा जास्त जगू शकतो.

कंद मऊ पडला

हॅरोत खाली सगळी लंडनची चिकणमाती. हिवाळ्यात बुटाला किलोभर चिकटते, उन्हाळ्यात भेगा पडतात, गणपतीची मूर्ती करावी अशी. माझी दुसऱ्या वर्षीची हुशारी अशी की मी फूटभर खोल खड्डा केला, विकतच्या सुपीक मातीने भरला आणि त्यात कंद लावले. खड्डा कसला, ती विहीर झाली. चारी बाजूंची चिकणमाती पाणी सोडत नव्हती आणि मधल्या मऊ मातीत ते साठत होतं. फेब्रुवारीत वास आला तेव्हा कळलं. सगळे गेले.

चिकणमातीत खाली जाऊ नका, वर या. झाडाच्या बुंध्याभोवती, पण बुंध्याला टेकू न देता, दहा-बारा सेंटिमीटर उंचीचा उंचवटा करा: पानगळीचं खत आणि बारीक खडी, साधारण दोनास एक. कंद त्या उंचवट्यात. झाडाची मुळं तोडावी लागत नाहीत आणि पाणी आपोआप उतरतं. याला थोडी चुनखडीची जमीनही चालते, उलट आवडते. आंबट माती लागणाऱ्या झाडांच्या यादीत याला घालू नका.

कुंडीतला कंद कुजतो तो बहुतेक जुलैत, दयेपोटी घातलेल्या पाण्याने. कुंडी उन्हाळ्यात सावलीत सरकवा, माती पार दगड होणार नाही इतपत, पंधरवड्याने एकदा कडेने चमचाभर पाणी दाखवा. नैवेद्य दाखवतो तसं.

कंद दिसतच नाही, किंवा पोखरलाय

मोकळा खड्डा आणि शेजारी उडवलेली माती असेल तर खार. इथल्या करड्या खारी ऑक्टोबरात ओक-हेझलची फळं पुरायला जागा शोधतात आणि नुकती हलवलेली माती त्यांना आमंत्रणच वाटते. लावल्यावर वरून कोंबड्यांची जाळी अंथरा, भोकं अडीच सेंटिमीटरची, कडा दगडांनी दाबा आणि वर खताचा पातळ थर द्या. फुलं-पानं भोकांतून येतात. बोनमील घालू नका. हाडांच्या वासाने कोल्हे येतात आणि अख्खा वाफा उपसून जातात. लंडनच्या उपनगरात कोल्हा म्हणजे आपल्याकडचा भटका कुत्रा समजा.

खड्डा नाही, पण पानं अचानक मलूल झाली आणि ओढल्याबरोबर हातात आली, तर मातीत बघा. पांढरट, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी दिसेल. बघताक्षणी तुम्ही "हुमणी" म्हणाल. हुमणीला पाय असतात, हिला नाहीत, आणि ही जेमतेम सेंटिमीटरभर. ही व्हाइन वीव्हिल नावाच्या काळ्या सोंडकिड्याची अळी. मोठा किडा रात्री पानांच्या कडांना अर्धगोल खाचा पाडतो, ते नुसतं दिसायला वाईट. खरं नुकसान अळी करते: आधी मुळं, मग कंदच पोखरते. किड्याला उडता येत नाही आणि अंडी घालायला नराची गरज लागत नाही, एक मादी पुरते.

यावर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे कृमी, सोडायचे. आपल्याकडे सूत्रकृमी म्हटलं की डाळिंबवाल्याच्या पोटात गोळा येतो, पण हे वेगळे, अळीच्या अंगात शिरून तिला मारणारे. पाकिटात जिवंत येतात, पाण्यात कालवून झारीने घालायचे. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात ही वेळ, कारण तेव्हा अळ्या लहान असतात. स्टायनरनेमा क्राउसाय ही जात पाच अंशांपर्यंत उतरलेल्या मातीतही काम करते. आधी आणि नंतर माती ओली हवी. कुंड्यांमध्ये हा त्रास जास्त. उघड्या वाफ्यात मी गेल्या पाच-सहा वर्षांत दोनदाच बघितला. कुंडी बदलताना जुनी माती वाफ्यात टाकू नका, तिच्यातूनच पसरतो.

पानं सुरुवातीपासूनच वेडीवाकडी, आखडलेली, कळ्या न उमलता जागीच वाळलेल्या, असं असेल तर सायक्लेमेनचा कोळी, म्हणजे माइट नावाची सूक्ष्म कीड. डोळ्यांना दिसत नाही, औषधामागे लागत बसण्यात अर्थ नाही. रोप पिशवीत बांधून टाका. दमट नोव्हेंबरात देठांवर करडी लव दिसली तर बुरशी: मेलेली फुलं-पानं देठाच्या तळाशी धरून, जरा पिळून झटक्यात ओढा. अर्धा देठ ठेवलात तर तोच कुजतो.

बी रुजत नाही

याचे कंद कांद्यासारखे पिल्लं देत नाहीत. वाढवायचं तर बीच. बोंड शरदात तयार होतं, पण पिकतं थेट पुढच्या जून-जुलैत. म्हणजे आठ-नऊ महिने ते गुंडाळलेल्या देठाच्या टोकाला मातीवर पडून असतं आणि आपण ते गोगलगायीची अंडी समजून फेकून देतो. मी फेकलीत.

बियांवर चिकट, गोडसर आवरण असतं ते मुंग्यांसाठी. मुंग्या ओढून नेतात, गोड भाग खातात, बी टाकून देतात. हातात आलेलं बी ताजं असतानाच रात्रभर कोमट पाण्यात, भांडी घासायच्या साबणाच्या एका थेंबासह, भिजवा म्हणजे आवरण सुटतं. मग पेरा आणि वर सेंटिमीटरभर माती किंवा खडी घाला. अंधार हवाच. खिडकीत उजेडात, वीस-बावीस अंशांत ठेवलं की काही होत नाही, ही सगळ्यांची चूक. पंधरा अंशांच्या आसपास, गॅरेजमध्ये झाकून ठेवा. महिना-दोन महिने लागतात, जुनं सुकं बी असेल तर वर्षसुद्धा. पहिलं पान एकटंच येतं. शेंगदाणा किंवा वालासारखी दोन दलं येतील म्हणून वाट बघू नका. हे द्विदल झाड असूनही एकच दल काढतं. चांगल्या जातींचं बी हवं असेल तर ब्रिटनमध्ये १९७७पासून सायक्लेमेन सोसायटी आहे, सदस्यांना बी वाटते.

दोन गोष्टी जाता जाता

कंद विषारी आहे. इंग्रजीत याचं जुनं नाव "डुकराची भाकरी" अशा अर्थाचं आहे, कारण डुकरं उकरून खातात. माणसाने, कुत्र्या-मांजरांनी खाऊ नये. आईने विचारलंच होतं, "चिंच घालून शिजवलं तर खाज जाते का?" नाही. सोळाव्या शतकातल्या लंडनच्या जॉन जेरार्ड या वनस्पतींवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला तर याची इतकी धास्ती की गर्भवती बाईने ओलांडलं तर गर्भ पडेल म्हणून त्याने बागेतल्या सायक्लेमेनभोवती काठ्या रोवल्या होत्या. ओलांडण्याबद्दल त्याचं खरं नाही, पण काठ्या रोवायची कल्पना चांगली होती.

आणि पुण्याहून भावाने विचारलंय, कंद पाठवतेस का. नाही पाठवत. एक तर परवाना लागेल. दुसरं, हा कंद जून ते ऑगस्ट कोरडा झोपणार आणि तुझ्याकडे नेमका तेव्हाच धो धो पाऊस. कुंडी वळचणीला ठेवून पाऊस चुकवलास तरी पुढे लागणारी पाच-सहा महिन्यांची ओली थंडी कुठून आणणार? तू आपलं सुरण लाव.

माझ्या सफरचंदाखाली आज वीसेक कंद आहेत. सगळ्यात सुंदर पानाचा मात्र मी लावलेला नाही. मुंग्यांनी बी नेऊन फरसबंदीच्या दोन विटांमध्ये टाकलं होतं. खाली वाळू, वर विटा, पाणी एक थेंब थांबत नाही, उन्हाळ्यात तिथे कुणी नळी धरत नाही. चौथ्या वर्षी त्याला अकरा फुलं आली.